धडक

चैत्र लागला की जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातली घरंच्या घरं हिरड्याच्या झाडांखाली दिसू लागतात. आहुप्याच्या, हातवीज-दुर्गवाडीच्या रानात महादेव कोळी कुटुंबांच्या हाती वर्षभरात जो थोडा रोख पैसा येतो, त्यात बाळहिरड्याचा वाटा मोठा. आठळी धरण्याआधीचं हे कोवळं फळ आपोआप गळायची वाट बघून चालत नाही. एक जण वर चढतो, फांद्या झोडतो, बाकीचे खाली वेचतात. वर चढणाऱ्याच्या कमरेला दोर क्वचितच असतो. पाय निसटला किंवा फांदी दगाबाज निघाली, तर दोन पुरुष उंचीवरून नव्हे, चांगल्या चार-पाच पुरुष उंचीवरून माणूस खाली येतो. नशीब बरं असेल तर हात मोडतो. नसेल तर मान.

हिरडा हे एक निमित्त. आंब्याचं झाड, कौलं शाकारायला चढलेलं छप्पर, कठडा नसलेली विहीर, ही बाकीची. ग्रामीण भारतात मज्जारज्जूच्या दुखापतींमागे उंचावरून पडणं हे अगदी ठळक कारण आहे. श्रीमंत देशांत तो मान मोटारींना मिळतो. पुणे-नाशिक महामार्ग मंचर आणि नारायणगावाजवळून जातो, त्यामुळे या दोन तालुक्यांना दोन्ही कारणं लाभली आहेत. त्यात भर पडते ती आपल्या मदतीच्या घाईची. पडलेल्याला चौघं जण हातापायांना धरून उचलतात, जीपच्या मागच्या सीटवर अर्धवट दुमडून घालतात आणि दवाखाना गाठतात. हेतू सोन्यासारखा असतो, पण मोडलेली मान त्या उचलाउचलीत आणखी हलते आणि वाचला असता तो मज्जारज्जूचा धागाही तुटू शकतो. १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ मध्ये सुरू झाली. मान आणि पाठ सरळ ठेवून, फळीवर बांधून न्यायचं हे तिच्यामुळे थोडंफार माहीत झालं, तरी आहुप्याच्या घाटमाथ्यावर ती पोचेपर्यंत जीप बहुधा निघून गेलेली असते.

मानेत सात मणके. कितव्याला मार बसला यावर पुढचं सगळं आयुष्य ठरतं. पाचव्याच्या पातळीवर मज्जारज्जू दुखावला, तर कोपर वाकवता येतं पण जोर लावून सरळ करता येत नाही. सहाव्याला मनगट वर उचलता येतं. सातव्याला कोपर सरळ होतं, म्हणजे हात टेकून अंग उचलता येतं, खुर्चीतून खाटेवर सरकता येतं. बोटांची मूठ मात्र यातल्या कुणाचीच धड वळत नाही. पाय गेलेला माणूस आणि मान गेलेला माणूस यांत हा फरक आहे. पहिल्याचे हात त्याचे असतात. दुसऱ्याचे अर्धेमुर्धे.

आणि नेमक्या याच, मुठी न वळणाऱ्या माणसांनी एक आडदांड खेळ काढला. कॅनडातल्या विनिपेग शहरात, १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात. व्हीलचेअरवरचं बास्केटबॉल तेव्हा जोरात होतं, पण ते पायांनी अधू आणि हातांनी धट्टेकट्टे असलेल्यांचं. हात कमजोर असलेल्यांना चेंडू त्या उंच टोपलीपर्यंत फेकता येईना. संघात नाव असायचं, पण जागा मैदानाबाहेरच्या बाकावर. बाकावर बसून कंटाळलेल्या डंकन कॅम्बेल आणि त्याच्या मित्रांनी टोपलीच रद्द केली. चेंडू मांडीवर घ्यायचा आणि समोरच्या रेषेपार न्यायचा. अडवणाऱ्याने आपली खुर्ची त्याच्या खुर्चीवर घालायची. लोखंडावर लोखंड आदळून होणारा आवाज ऐकून नाव पडलं ‘मर्डरबॉल’. पुढे प्रायोजक आणि क्रीडा समित्या आल्या. मर्डर या शब्दावर पैसे देणारे थोडे, म्हणून नाव सोज्वळ झालं : व्हीलचेअर रग्बी. १९९६ मध्ये अटलांटाच्या पॅरालिम्पिकमध्ये तो नमुन्यादाखल खेळवला गेला आणि २००० साली सिडनीत पदकांच्या यादीत आला.

खेळाचा हिशोब मोठा मजेचा आहे. मैदान बास्केटबॉलचंच, २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद. एका बाजूला चार खेळाडू. प्रत्येकाला त्याच्या शरीरात किती बळ उरलं आहे त्यावरून अर्ध्यापासून साडेतीनपर्यंत गुण दिलेले. अर्धा म्हणजे सगळ्यात कमी बळ. मैदानावरच्या चौघांच्या गुणांची बेरीज आठच्या वर जाता कामा नये. संघात बाई खेळत असेल तर थोडी जादा मुभा. म्हणजे चारही पैलवान एकदम उतरवायची सोय नाही. दोन साडेतीनवाले घ्यायचे तर बाकीचे दोघे अर्धेवालेच घ्यावे लागतात, आणि तो अर्धावाला काही दयेपोटी घेतलेला नसतो. त्याच्या खुर्चीला पुढे आकड्यासारखा लोखंडी दांडा असतो. त्या दांड्यात समोरच्या पैलवानाची खुर्ची अडकवून तो त्याला जागच्या जागी खिळवतो. ज्याला स्वतःचं पाण्याचं भांडं धड उचलता येत नाही, तो समोरच्या संघाच्या सर्वांत वेगवान गड्याची गाडी थांबवतो. बोटं वळत नाहीत म्हणून हातमोज्यांना चिकट पदार्थ फासलेला असतो. दर दहा सेकंदांत चेंडूने टप्पा तरी खाल्ला पाहिजे, नाहीतर तो दुसऱ्याकडे गेला पाहिजे. खुर्च्या उलटतात, आत पट्ट्यांनी बांधलेला माणूस तोंडावर पडतो, कुणीतरी येऊन त्याला खुर्चीसकट सरळ करतं आणि खेळ पुढे चालू.

या खेळावर हेन्री अलेक्स रुबिन आणि डेना अॅडम शपिरो यांनी केलेला ‘मर्डरबॉल’ हा माहितीपट २००५ साली आला. सनडान्स महोत्सवात प्रेक्षकांनी त्याला उचलून धरलं, पुढे ऑस्करचं नामांकनही मिळालं (बक्षीस त्या वर्षी पेंग्विनांनी नेलं). अमेरिका आणि कॅनडा यांच्यातलं वैर आणि २००४चं अथेन्स पॅरालिम्पिक, असा त्याचा सांगाडा. पण त्याची खरी खुमारी माणसांत आहे. मार्क झुपॅन हा दाढीवाला, गोंदवलेला, तापट गडी. १९९३ मध्ये मित्राच्या पिकअपच्या हौद्यात तो दारूच्या अमलात झोपला होता. मित्रही प्यायलेला, मागे कुणी आहे हे त्याला ठाऊकच नाही. गाडी भरकटली, झुपॅन उडून कालव्यात पडला आणि तेरा तासांहून जास्त वेळ एका फांदीला धरून पाण्यात राहिला. बॉब लुहानो नऊ वर्षांचा असताना एका रक्तदोषाच्या आजारात त्याचे चारही अवयव अर्धे गेले. आणि कीथ कॅव्हिल हा मोटारसायकल शर्यतीत नुकताच पडलेला पोरगा, रुग्णालयातून घरी जाऊन आपल्या जुन्या वस्तूंकडे परक्यासारखा बघणारा.

या सिनेमात दोन गोष्टी नाहीत, आणि त्यांच्या नसण्यामुळेच तो चांगला झाला आहे. एक, पाठीमागून हुंदके देणारं व्हायोलिन. दुसरी, चांगली माणसं. हे खेळाडू शिवराळ आहेत, बढाईखोर आहेत, हरल्यावर चिडतात. लुहानोला पुठ्ठ्याच्या खोक्यात लपवून एका अनोळखी माणसाला दचकवण्याचा आचरटपणा करतात आणि स्वतःच खो-खो हसतात. कुणी त्यांच्या खेळाची गल्लत स्पेशल ऑलिम्पिकशी केली की त्यांचं टाळकं सणकतं. ती बौद्धिक अक्षमता असलेल्यांची वेगळी चळवळ आहे. तिच्याबद्दल त्यांचा राग नाही. राग आहे तो सगळ्यांना एकाच कौतुकाच्या टोपलीत टाकण्याबद्दल. आम्ही मिठ्या मारून घ्यायला नाही, जिंकायला जातो, हा त्यांचा सूर. झुपॅन तर भांडणाच्या पवित्र्यातच असतो. खुर्चीतल्या माणसाला मारायचं नाही म्हणून समोरचा मागे सरला, तर याला तो अपमान वाटतो. तू मार, मी उलटून मारीन, म्हणजे फिटंफाट.

लैंगिक जीवनाबद्दलही ही मंडळी इतकी मोकळी बोलतात की मराठी घरात हा सिनेमा तीन पिढ्यांनी एकत्र बघायचा म्हटलं तर मधली पिढी रिमोट शोधू लागेल. पण त्या बोलण्याची गरज इथेही आहेच. लग्न ठरलेला किंवा नुकतं लग्न झालेला तरुण झाडावरून पडतो, तेव्हा त्याच्या खाटेभोवती सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न असतो आणि तो कुणीच विचारत नाही. डॉक्टरही शक्यतो विषय काढत नाहीत. कुजबुज माजघरात होते. निर्णय माजघरात होतो. ज्याच्याबद्दल होतो तो बाहेर ओसरीवर असतो.

ओसरीबद्दल जरा थांबून बोललं पाहिजे. या भागातल्या घरांत अशा माणसाची जागा बहुतेकदा ओसरीच. त्यामागे दुष्टपणा मुळीच नाही, उलट माया आहे. तिथे उजेड असतो, येणारा-जाणारा बोलतो, अंगणातली कोंबडी हाकलायला एक तोंड कामी येतं. त्याला वेळेवर चहा मिळतो, पोरं पाणी आणून देतात. हळूहळू त्याला कुठल्याच गोष्टीसाठी हलू दिलं जात नाही. ‘आबा, तुम्ही बसा, आम्ही आहोत ना.’ खुर्चीत बसलेल्या माणसाने दर पंधरा-वीस मिनिटांनी अंग उचललं पाहिजे, नाहीतर बधिर कातडीला बेडसोर होतात आणि मणक्याच्या दुखापतीतून वाचलेले कितीतरी जण पुढे याच जखमांनी आणि लघवीच्या जंतुसंसर्गाने जातात. म्हणजे हलणं हे इथे चैनीचं नाही. पण जपणूक म्हणजे हलू न देणं, हे आपल्याकडे इतकं पक्कं आहे की जपता जपता माणूस विझतो आणि सगळे म्हणतात, सेवेत काही कमी पडलं नाही.

गंमत अशी की हा मुलूख एरवी मऊपणासाठी प्रसिद्ध नाही. शिवनेरीचा हा मुलूख. जुन्नर, आंबेगाव, खेड म्हणजे बैलगाडा शर्यतींच्या घाटांचा बालेकिल्ला. यात्रेच्या दिवशी घाटात बारी सुटते, ‘भिर्रर्र’ अशी आरोळी उठते, भंडारा उधळला जातो आणि दहा-बारा सेकंदांत सगळा निकाल लागतो. त्या सेकंदांवर वर्षभर वाद होऊ शकतो. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा या तालुक्यांत सुतक पडल्यासारखं झालं. डिसेंबर २०२१ मध्ये अंतरिम परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला, तोवर मोर्चे, खटले, निवडणुकांतली आश्वासनं सगळं झालं. बैलांना होणाऱ्या त्रासाचा प्रश्न खरा आहे आणि न्यायालयाच्या अटीही त्यासाठीच आहेत. तो वाद इथे नको. मुद्दा हा, की वेग, धडक, ईर्षा, खुन्नस यांची किंमत या मातीला कुणी शिकवावी लागत नाही. याच गावांत आखाडे आहेत, कुस्त्यांचे फड आहेत. फक्त माणूस अधू झाला की त्याच्यातली ईर्षाही अधू झाली, असं सगळे धरून चालतात. घाटावर त्याला नेतात, चांगली सावलीची जागा देतात, आणि बक्षीस वाटपाला त्याच्या हातून नारळ फोडून घेतात. त्याचा स्वतःचा काही डाव असेल, तो कुणावर खार खाऊन असेल, हे मनातही येत नाही.

महाराष्ट्राने ही ईर्षा पाहिली आहे, तीही मर्डरबॉलचा जन्म व्हायच्या आधी. सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर सैन्यात होते आणि बॉक्सिंग खेळत. १९६५च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, एक पाठीच्या कण्याशी रुतली. कमरेखालचं अंग गेलं. मुंबईच्या ‘अश्विनी’ या नौदलाच्या रुग्णालयात उपचार म्हणून पाण्यात उतरवलं, आणि उपचाराचं रूपांतर शर्यतीत झालं. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पार केलं. पॅरालिम्पिकमधलं हे भारताचं पहिलं सुवर्ण. वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्णासाठी देशाला त्यानंतर ३६ वर्षं थांबावं लागलं. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं आणि खेळातल्या जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार हातात पडला तो जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. उशिराचं हे गणित कुठल्याही घाटावरच्या पंचाला मान्य झालं नसतं.

त्यांच्यावर कबीर खान यांनी २०२४ मध्ये ‘चंदू चॅम्पियन’ काढला. तो पाहून लोक रडले, टाळ्या वाजवल्या, आणि एका विस्मरणात गेलेल्या माणसाचं नाव घरोघर पोचलं, हे मोठंच काम. पण हिंदी सिनेमाला आपला नायक पवित्र लागतो. तिथे अपंगत्व हा चढायचा डोंगर असतो, माथ्यावर झेंडा, आणि प्रेक्षक कृतकृत्य. मर्डरबॉलमध्ये डोंगरच नाही. तिथे खुर्ची ही सकाळी दात घासण्याइतकी रोजची गोष्ट आहे आणि त्यामुळे प्रेक्षकाला अर्ध्या तासात ती दिसेनाशी होते. दिसत राहतो तो झुपॅनचा तिरसटपणा. सिनेमाची सुरुवातच तो कपडे बदलतो तिथे आहे. बूट ओढून काढणं, पाय हाताने उचलून विजारीत घालणं, सगळं शांतपणे, घाई न करता. कुणी मदतीला येत नाही. त्याला ती नकोच आहे.

आपल्या भाषेत हा सूर सापडतो तो नसीमा हुरजूक यांच्या ‘चाकाची खुर्ची’त. सोळाव्या वर्षी पायांतलं बळ गेलेली कोल्हापूरची ही मुलगी पुढे केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी करते आणि १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी करते. पुस्तकाचं शीर्षकच किती कोरडं आहे. त्यात ना पंख आहेत ना भरारी. एक फर्निचरची वस्तू आहे, जी लागते. नगरची आठवणही इथे यावी. आळेफाट्यावरून सरळ गेलं की लागणाऱ्या त्या शहरात छातीखालचं शरीर संवेदनाहीन झालेल्या दीपा मलिक खानावळ चालवत होत्या, ऑर्डरी घेत होत्या, गिऱ्हाइकांशी हुज्जत घालत असणार. २०१६ मध्ये रिओत ४.६१ मीटर गोळा फेकून त्यांनी रौप्य जिंकलं, तेव्हा देशाने त्यांना पाहिलं. पोहणं, मोटारसायकल, भाला, असं काय काय त्याआधीच झालं होतं.

पुण्याजवळ खडकीत या सगळ्याची एक मोठी जागा आहे. पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी १९१७ साली मुंबईत सुरू झालेली क्वीन मेरीज टेक्निकल संस्था पुढे इथे आली, आणि १९७४ पासून मणक्याला इजा झालेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्रही इथेच आहे. जगभर हा धागा सारखाच दिसतो. इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमान यांनी २९ जुलै १९४८ रोजी १६ जखमी सैनिकांची, त्यांत दोन स्त्रिया, धनुर्विद्येची स्पर्धा भरवली आणि त्यातून पॅरालिम्पिक उभं राहिलं. मर्डरबॉलच्या शेवटीही खेळाडू इराकमधून परतलेल्या जखमी सैनिकांना रग्बीच्या खुर्च्यांत बसवताना दिसतात. युद्ध माणसं मोडतं तेव्हा सरकारला खर्च करावाच लागतो. त्यातून तज्ज्ञ तयार होतात, तलाव आणि मैदानं तयार होतात. हिरड्याच्या झाडावरून पडलेल्याच्या मागे कुठलंच खातं उभं नसतं. तो कुठल्याही सीमेवर पडलेला नसतो.

तरी एकेकट्याचं काहीसं निभतं. आटपाडीजवळचे सचिन खिलारी पॅरिसला २०२४ मध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य आणतात, नांदेडच्या भाग्यश्री जाधव त्याच स्पर्धेत खुर्चीत बसून देशाचा झेंडा धरतात. पॅरिसमध्ये भारताने २९ पदकं मिळवली. ती नीट पाहिली तर एक गोष्ट डोळ्यांत भरते : सगळी एकट्याची, फार तर जोडीची. व्हीलचेअर रग्बीच्या आठ संघांत भारत नव्हताच; सुवर्ण जपानने नेलं. गोळा आणि एक फेकायची खुर्ची घेऊन गावाच्या माळावर सराव करता येतो. रग्बीला एकाच शहरात, एकाच संध्याकाळी, मान मोडलेली किमान आठ-दहा माणसं यावी लागतात. प्रत्येकाला वेगळी बनवलेली, काही लाखांची खुर्ची लागते. गुळगुळीत लाकडी जमीन लागते, तीही अशा संचालकाकडून की जो लोखंडी आकडे पाहून घाबरणार नाही. आणि घरातून निघून तिथवर यावं लागतं.

इथेच सगळं अडतं. जुन्नरहून बालेवाडीच्या क्रीडासंकुलापर्यंत नव्वद-शंभर किलोमीटर. एसटीत अपंगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. दारातल्या उंच पायरीला मात्र कसलीच सवलत नाही. २०१६च्या हक्क कायद्याने सार्वजनिक जागा सुगम करायला सांगितलं, नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या नियमांना नुसत्या शिफारशी समजू नका असंही बजावलं, आणि महाराष्ट्राने तर डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र खातंच काढलं. कागद बरा आहे. ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के या लोकांवर खर्च करायचे, असाही नियम आहे, आणि तो पैसा बहुधा शिलाई यंत्रात, पिठाच्या गिरणीत, हाताने फिरवायच्या तीनचाकी सायकलीत जातो. यातलं काहीच वाईट नाही. पण खेळायचं आहे म्हणून ग्रामसभेत कुणी हात वर केला तर सभा हसेल की गप्प बसेल, हे सांगणं कठीण नाही. पोटाची सोय मागणारा अपंग सगळ्यांना समजतो. मजेची सोय मागणारा आगाऊ वाटतो.

लेण्याद्रीला गिरिजात्मजाच्या दर्शनाला तीनशेच्या आसपास पायऱ्या चढाव्या लागतात. ज्यांना जमत नाही त्यांना डोलीत बसवून चौघं वर नेतात. लेणी बौद्धकालीन, डोंगर पुरातत्त्व खात्याचा, तिथे उतार बांधता येणार नाही हे उघडच आहे, आणि डोलीवाल्यांचं पोट त्यावर चालतं. देवदर्शनाला डोली ठीक. पण बाजार समिती, तहसील कचेरी, तालुक्याचं क्रीडासंकुल, शाळेचं मतदान केंद्र, सगळीकडेच माणसाने डोलीतून जायचं ठरवून टाकलं, तर त्याच्या हातात उरतं ते आभार मानणं. आभार मानत मानत कुणाला धडक देता येत नाही.

कीथ कॅव्हिलचा प्रसंग म्हणून लक्षात राहतो. नुकताच जायबंदी झालेला, घरी गेल्यावर आणखीच खचलेला हा पोरगा झुपॅनच्या खेळाच्या खुर्चीत बसतो. पट्टे बांधले जातात, तो चाकं ढकलतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत पहिल्यांदा द्वाड हसू येतं. त्याला लगेच कुणावर तरी आदळून बघायचं असतं. खोलीतली मोठी माणसं मात्र आता पुरे म्हणून त्याला खुर्चीतून काढण्याच्या घाईत. काळजी तीच, मंचरची असो की न्यू जर्सीची.

सिनेमातलं सगळ्यात चवीनं चघळण्याजोगं पात्र मात्र झुपॅनही नव्हे आणि कॅव्हिलही नव्हे. तो मान जो सोआरेस याच्याकडे जातो. लहानपणी पोलिओ झालेला, पोर्तुगालात जन्मून अमेरिकेत वाढलेला, अमेरिकेच्या संघाचा एके काळचा सगळ्यात मोठा खेळाडू. वय झालं म्हणून संघातून वगळला, तर हा कोर्टात गेला. हरला. मग सीमा ओलांडून कॅनडाचा प्रशिक्षक झाला आणि अमेरिकेचे सगळे डाव बरोबर घेऊन गेला. २००२ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्ग शहरात जागतिक स्पर्धेत त्याच्या कॅनडाने अमेरिकेला २५-२४ असं हरवलं. जुने सहकारी त्याला गद्दार म्हणतात. घरी त्याचा मुलगा रॉबर्ट हुशार, वाद्य वाजवणारा, खेळात रस नसलेला. बापाच्या ढालींच्या कपाटावरची धूळ पुसणं हे त्याच्याकडचं काम. बापाला तो कळत नाही. मध्येच सोआरेसला हृदयविकाराचा झटका येतो, आणि माणूस थोडा नरम पडतो. थोडाच.

हा सिनेमा जुन्नरात कुठे पडद्यावर लागला आणि नंतर चार जण टपरीवर चहाला बसले, तर भांडण यावरच होईल यात शंका नाही. एक म्हणेल, इतकी वर्षं ज्यांच्यासाठी झिजला त्यांनीच लाथ घातली, मग त्याने काय दारात बसून रडायचं? दुसरा म्हणेल, पोटासाठी जा कुठेही, पण डाव फोडायचे नसतात, ती हरामखोरी. तिसऱ्याला त्या पोराचं वाईट वाटेल. चौथा विचारेल की शेवटी जिंकलं कोण. अथेन्सच्या उपांत्य सामन्यात सोआरेसच्या कॅनडाने अमेरिकेला हरवलं, हे त्याला सांगावं लागेल. आणि हेही, की अंतिम सामन्यात कॅनडा हरला, अमेरिका कांस्यावर घरी गेली आणि सुवर्ण नेलं न्यूझीलंडने, ज्यांच्याकडे सबंध सिनेमाभर कुणाचं लक्षच नव्हतं.